पहिल्या नारळाचा मान

गुरुवार, १६ जानेवारी. सकाळी.

आजपासून मी कोणावरही हात उचलणार नाही. हा निश्चय मी स्वेच्छेने केला आहे. काल रात्री जेवताना अरुण जे बोलला त्याच्याशी या निश्चयाचा काडीमात्र संबंध नाही.

अरुण बोलला ते असे. माझा रेसिडेन्स व्हिसा फेब्रुवारीत संपतो व तो त्याच्या, म्हणजे माझ्या पोटच्या मुलाच्या, स्पॉन्सरशिपवर आहे. मागील महिन्यात मी आमच्या इमारतीचा वॉचमन मिथुन याच्या मुस्काटात लगावली. (लॉबीतील सोफ्यावर मी पाय वर घेऊन बसलो असता तो मला, अंकल, पाँव नीचे, असे म्हणाला होता.) सूनबाई अर्चना हिने हात जोडले म्हणून त्याने पोलिसांत तक्रार केली नाही. यापुढे कोणावरही, कोठेही, एकदा जरी हात पडला, तर व्हिसा रिन्यू होणार नाही. गोव्याचे वन-वे तिकीट. तेथून गाव. खलास.

'खलास' हा शब्द अरुणने माझ्यासमोर प्रथमच वापरला.

गावी जाण्याचे मला भय नाही. तेथे पुतण्या आहे. तो व त्याची बायको मला सकाळी, काका बसा, असे म्हणतात व नंतर दिवेलागणीपर्यंत कोणी काही म्हणत नाही. माझ्या वयाचे जे गावात होते ते गेले. उरलेला एकटा बाबाजी परब. तो दुबईला सिलिकॉन ओएसिसमध्ये मुलीकडे असतो. तिसरा आमचा फिरदोस, मूळचा रत्नागिरीचा, येथे शारजात कॅफेटेरिया चालवीत असे. असो. व्हिसा रिन्यू झाल्यास माझी हरकत नाही, एवढेच.

त्याच दिवशी. दुपारी.

नात ईरा अबू धाबीला अल रीम आयलंडवर राहते. तेथील कलाप्रदर्शनात तिला नोकरी आहे. थंडीच्या दिवसांत उघड्यावर मोठमोठी शिल्पे मांडतात, ती पाहण्यासाठी तिने आम्हा तिघा मित्रांना शनिवार-रविवारकरिता बोलाविले आहे. अरुणने परवानगी दिली, परंतु देताना माझ्या हातांकडे पाहिले.

माझे शिक्षण चौथीपर्यंतच झाले असले तरी गुरुजींनी व्याख्या नेमकी लिहावयास शिकविले होते. त्यानुसार: मारणे म्हणजे उघडा पंजा अथवा मूठ दुसऱ्याच्या तोंडावर रागाने व जाणूनबुजून आदळणे. यांपैकी एखादीही बाब कमी पडल्यास ते मारणे नव्हे. ढकलणे, चिमटा काढणे, कान पिळणे व वस्तू फेकणे हे स्वतंत्र विषय असून अरुणने त्यांचा उल्लेख केलेला नाही.

शुक्रवार, १७ जानेवारी. दुपारी, निघण्यापूर्वी.

फिरदोसची नमाज होताच त्याच्या गाडीने निघणार. बाबाजीला त्याच्या मुलीने आमच्या इमारतीखाली सोडले आहे. गावाकडची टोपी घालून आला आहे. वर येत नाही. खाली मिथुनशी हिंदीत गप्पा मारीत उभा आहे.

प्रवासाचा नारळ मी फोडणार. आमच्या गावच्या जत्रेत पहिला नारळ आम्हा गावड्यांचा, दुसरा परबांचा. याच मानावरून माझ्या आजोबांनी बाबाजीच्या आजोबांचे डोके देवळाच्या पायरीवर फोडले होते. सात टाके. पुढे कोर्टानेही मान आमचाच ठरविला. आखातात आल्यावर आम्ही दोघांनी एकत्र खोली घेतली, पहिली गाडी घेतली, मुलेबाळे झाली. प्रत्येक वेळी पहिला नारळ मी, दुसरा तो. फिरदोसदेखील पाठीमागे उभा राहून आमच्याबरोबर 'होय महाराजा' म्हणतो. इतक्या वर्षांत त्याला सवय झाली आहे.

शुक्रवार. सायंकाळी, अल रीम आयलंड.

घडले ते शांतपणे लिहीत आहे.

मी देवाला गाऱ्हाणे घातले. आवाज खणखणीत लागला. वरच्या मजल्यावरील एका बाईने खिडकी उघडली. त्यानंतर पार्किंगच्या कडेच्या काँक्रीटवर मी नारळ मारला. फुटला नाही. पुन्हा मारला. उडाला. तिसऱ्या वेळी निसटून गाडीखाली गेला. मिथुनने झाडू घालून तो बाहेर काढला व, मी हात पुढे केलेला असताना, बाबाजीच्या हाती दिला.

बाबाजीने एका फटक्यात फोडला. पाणी माझ्या पँटवर उडाले.

नारळ श्रीलंकेचा होता. त्या जातीची करवंटी लोखंडासारखी असते. तिला आधी माझ्या फटक्यांनी सैल केले, मग कोणीही फोडील. हे मी सर्वांना समजावून सांगितले. फिरदोस म्हणाला, बरोबर आहे विश्रामभाई, यल्ला, बसा आता. बाबाजी नुसता हात पुसत होता. हा त्याचा अहंकार.

रस्त्यात, पुढच्या सीटवर बसून, मी विचार केला की मागे बसलेल्या माणसाचा जबडा पुढून कसा मोडता येईल. कोपराने येईल. खालचे दात आत जातील, वरचे बाहेर येतील. बाबाजीचे वरचे दात आधीच नकली आहेत, त्यामुळे ते मोजता येणार नाहीत. हा केवळ विचार होता. विचारांवर बंदी नाही. इतक्यात फिरदोस आरशात पाहून त्याला म्हणाला की, काय झटका होता रे तुझा. तेव्हा समोरच्या खणाचे झाकण माझ्या हातात आले. झाकण जुने होते. फिरदोस म्हणाला, विश्रामभाई, गाडीने तुमचं काय घोडं मारलंय?

मी एकतीस वर्षे परांची बांधणाऱ्यांचा फोरमन होतो. त्या काळी लोखंडी पाईप हातात नसतानाही माणसे माझ्यापासून दोन हात लांब उभी राहत. हात वर केला की पुरे होई. हे या तरुण पिढीला माहीत नाही, व बाबाजी विसरला आहे.

त्याच दिवशी. जेवणानंतर.

छोटा अपघात झाला.

ईराने भात, आमटी व बाहेरून मागविलेली कोळंबी असे जेवण केले होते. बाबाजीने तिला नारळाची गोष्ट सांगितली. नंतर मी तो किती वेळा मारला हे त्याने हाताने करून दाखविले. ईरा म्हणाली, ओ माय गॉड, आजोबा, दॅट्स सो क्यूट. व आणखी भात आणण्यास किचनमध्ये गेली.

स्टीलचा पेला माझ्या हातून सुटला. वेगाने सुटला. बाबाजीच्या दिशेने सुटला, परंतु लागला फिरदोसच्या कपाळाला. भुवईच्या वर फाटले. रक्त आमटीत पडले. फिरदोस एकदाच, या अल्ला, असे म्हणाला व मग रुमाल दाबून बसला.

ईरा किचनमधून धावत आली. फिरदोस तिला म्हणाला की, कपाट लागलं बेटा. ईराने विचारले, विच कपाट? त्या खोलीत कपाट नाही. फिरदोसने छताकडे पाहिले.

मी रागात होतो हे खरे, परंतु पेला हा पंजाही नव्हे व मूठही नव्हे. शिवाय फिरदोसवर माझा राग नव्हता. या दोन्ही बाबींवर हे मारणे ठरत नाही. तरीही मोठेपणाने मी स्वतः उठून फिरदोसला चिकटपट्टी लावली. तो कुजबुजला, विश्रामभाई, अरुणने कळवलंय आम्हाला. निदान दोन दिवस तरी सांभाळा. तुम्ही गेलात तर पत्ते कुणाबरोबर खेळू, या परबाबरोबर? हा तर पानं लपवतो.

मी त्याला सांगितले की मी स्वतःला पूर्ण सांभाळलेले आहे.

बाबाजी तेव्हा भांडी घासत होता. पाठमोरा. मानेच्या मागे जागा चांगली होती. मी हात खिशात घातले.

शनिवार, १८ जानेवारी. सकाळी.

प्रसन्न. थंडी आहे, ईराने दिलेला स्वेटर घातला. बाल्कनीतून समुद्र व समोरच्या इमारती दिसतात. एवढ्या उंचीवर काचा पुसणारे दोरीवर लोंबकळत होते. त्यांच्या दोरीची गाठ मला पसंत पडली नाही. काचेवर ठोकून त्यांना तसे सांगितले. त्यांनी हात हलविला.

आज मी बाबाजीला क्षमा करणार आहे. अट एकच, त्याने ती मागावी. मी दिवसभर त्याच्या जवळपास राहून त्याला संधी देईन.

टीप: पहाटे तो एकटाच खालच्या सुपरमार्केटमध्ये जाऊन आला. आता किचनमध्ये लाटण्याने काहीतरी ठोकीत आहे. विचारल्यावर दचकला. म्हणाला, लसूण.

चहाला लसूण लागत नाही. त्याचे वय झाले आहे.

शनिवार. सायंकाळी. डाव्या हाताने.

अक्षर वाईट. उजवा हात प्लास्टरमध्ये. दोन बोटे व मनगट.

मी बाबाजीला मारले.

लिहून बरे वाटते. पुन्हा लिहितो. मारले. व्याख्येनुसार. मूठ, तोंड, राग, जाणूनबुजून. सर्व.

क्रमाने:

प्रदर्शन वाळूवर. काही लोखंडी, काही कापडी. एके ठिकाणी नुसती आरशांची भिंत; तीत फिरदोसने पट्टी नीट केली. नंतर एक काळा दगड. उभा. दोन पुरुष उंच. भोवती गोल मोकळी वाळू.

आमच्या गावच्या वेशीवर राखणदाराचा दगड असाच आहे. मी व बाबाजी दोघांनी एकाच वेळी चपला काढल्या. कोणी कोणाला सांगितले नाही. ईरा म्हणाली, आजोबा, इट्स नॉट अ गॉड, इट्स अनटायटल्ड. म्हणजे ज्याला नाव ठेवलेले नाही. बाबाजी म्हणाला, (तो अजून गावठीच बोलतो), देव असो नसो बाय, इतको उभो रवलेलो धोंडो दिसलो की नारळ देवक व्हयो.

असे म्हणून त्याने पिशवीतून नारळ काढला. व माझ्यापुढे धरला. म्हणाला, घे विश्रामा. मान तुझो.

मी संतोष पावलो. क्षमा मागण्याची ही रीत योग्य होती. ईरा म्हणत होती, प्लीज, नो, आजोबा, यू कान्ट, माझा जॉब जाईल. मी तिला हाताने थांबविले. गाऱ्हाणे घातले. फिरदोस, होय महाराजा, म्हणाला. एक परदेशी बाईही म्हणाली.

नारळ वर उचलला. हाताला ओल लागली. पाहिले. मध्यावर सरळ चीर होती. पाणी गळत होते. त्याची पिशवीही भिजलेली.

फुटका नारळ. देवाला फुटका. माझ्या हातून.

मी विचारले, हे काय? बाबाजी खाली बघून हळूच म्हणाला, तुझ्यान फुटाचो नाय म्हणान घराकडेच चीर पाडलंय. आता नुसतो टेकव, फुटतलो. कोणाक कळाचा नाय.

लाटणे. लसूण. सर्व लक्षात आले.

माझ्या आजोबांनी डोके फोडले ते मानाची चोरी केली म्हणून. याने दया केली. दयेला काय फोडावे?

मी नारळ त्याच्या हाती परत दिला व मूठ वळली. परांचीवरची ती जुनी मूठ. त्याच्या जबड्यावर मारली. पूर्ण ताकदीने. हाड मोडल्याचा आवाज मी स्पष्ट ऐकला. रक्त उडाले, दगडावर उडाले, माझ्या स्वेटरवर उडाले. भोवतीच्या लोकांनी टाळ्या वाजविल्या. कित्येकांनी मोबाईल वर धरले. एक गोरा गृहस्थ ब्राव्हो म्हणाला. या देशात अजूनही मनगटाची कदर आहे.

हाताची हाडे जबड्यावर मोडली. बाबाजीचा जबडा असा टणक असेल असे वाटले नव्हते.

सिक्युरिटीचे दोघे आले. त्यांना मी स्वतः सांगितले की मी मारले. त्यांनी मला खुर्ची दिली. पाणी दिले. बाबाजीला कोणी काही विचारलेच नाही.

हॉस्पिटलमध्ये बाबाजी म्हणाला, माका खंय मारलंस? धोंड्याक मारलंस. मी सांगितले, खोटे बोलू नकोस. तो म्हणाला, मेल्या, माका लागला असता तर माका कळला असता मा? मी म्हणालो, तुला घाबरल्यामुळे कळले नाही.

तो मला वाचविण्याकरिता खोटे बोलत आहे हे उघड आहे. पुन्हा दया. डावा हात मोकळा असता (सलाईन होते) तर पुन्हा मारले असते.

शनिवार. त्यानंतर.

अरुणला मीच फोन केला. म्हणालो, मी हात उचलला. शारजाहून गाडी चालवीत आला. अर्चना सोबत.

त्याने विचारले, कोणाला मारलंत? मी बाबाजीकडे बोट दाखविले. बाबाजी तेव्हा चकली खात होता.

बाबाजी म्हणाला, अरुणा, काय एक झाला नाय. पाय घसरलो तुझ्या बापाशीचो. फिरदोस म्हणाला, हो हो, घसरले, वाळू आहे ना हबीबी, वाळू. ईरा रडत होती. तिच्या बॉसने फक्त, इज युअर ग्रँडफादर ओके, एवढेच विचारले होते, तरी रडत होती.

मी उभा राहिलो. म्हणालो, घसरलो नाही. विश्राम गावडे घसरत नाही. मी याच्या थोबाडात मारली आणि पूर्ण शुद्धीत मारली.

बाबाजी मला म्हणाला, गप रव रे. गप रव. जातलंस मेल्या गावाक. मगे तिकडे बसान भिंतीक मार.

अरुणने फोन काढला. मंगळवारचे तिकीट पाहिले. मला दाखविले. मी मान हलविली. त्याने बुक केले. त्याची बोटे दोनदा चुकली. माझी नाहीत, ती प्लास्टरमध्ये आहेत.

विजय झाला आहे.

रविवार, १९ जानेवारी. पहाटे.

झोप नाही. येथील गाद्या फार मऊ.

गावी गेल्यावर काय काय करता येईल याचा विचार केला. सकाळी बसता येईल. नंतर सायंकाळपर्यंत बसता येईल.

बाबाजी बाजूच्या गादीवर घोरत आहे. जबडा दोन्ही बाजूंनी पाहिला. मोबाईलचा टॉर्च लावून पाहिला. सूज नाही. जखम आतून असावी.

सकाळी अरुणला म्हणावे का की बाबाजी म्हणतो त्यात थोडे तथ्य असू शकेल? नको. आपण बोललो ते बोललो.

थोडेसे म्हणता येईल. पाय घसरला, असे नव्हे. वाळू होती, असे.

रविवार. दुपारी.

म्हणण्याची वेळ आली नाही.

ईराच्या ऑफिसमधील मुलीने व्हिडिओ पाठविला. कोणीतरी शूट केलेला. ईराने तो भिंतीवरच्या टीव्हीवर लावला. सर्व बसले होते. मी नको म्हणालो. अर्चना म्हणाली, बाबा, खरं काय ते कळू दे.

टीव्हीवर एक म्हातारा होता. त्याने माझा स्वेटर घातला होता. मान किंचित पुढे. त्याने मूठ वळली, ती वळायलाच वेळ लागला. हात निघाला. तो येताना पाहून बाबाजीने नारळ उजव्या हातातून डाव्या हातात घेतला, टोपी सावरली व एक पाऊल बाजूस झाला. मूठ दगडावर गेली. रक्त त्या म्हाताऱ्याचेच. मग तो मागे कलंडला, आणि बाबाजीने नारळ टाकून त्याला काखेत हात घालून धरले. पोते धरावे तसे. टाळ्या तेव्हा वाजल्या.

नारळ वाळूवर पडून आपोआप दोन झाला.

फिरदोस हसू दाबीत होता, त्याची पट्टी निघेल असे वाटले. मी म्हणालो, कॅमेऱ्याचा कोन चुकीचा आहे. मी म्हणालो, दुसऱ्या बाजूने काढलेला असेल तर लावा. ईराने टीव्ही बंद केला.

अरुण हसला नाही. हसला असता तर बरे झाले असते. तो माझ्या शेजारी येऊन बसला, फोनवर तिकीट कॅन्सल केले, व खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, राहा बाबा तुम्ही. व्हिसा मी करतो. मी विचारले, आणि अट? तो म्हणाला, काही अट नाही आता.

मी विचारले, म्हणजे मी कोणालाही मारू शकतो?

तो म्हणाला, हो बाबा. कोणालाही.

अर्चना तोंडाला पदर लावून आत गेली. तिला मी मिथुनबद्दल विचारले. त्याच्या मुस्काटात तर नक्की बसली होती. ती आतूनच म्हणाली की, त्याच्या टोपीला लागली होती बाबा. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून आम्ही...

सोमवार, २० जानेवारी. शारजा.

परत आलो. बाबाजीही येथेच आला. मुलीकडे जात नाही म्हणतो. माझा हात बरा होईपर्यंत राहणार. त्याला कोणी विचारले नव्हते.

दुपारी आमटीभात. डाव्या हाताने चमचा धरता येत नाही. अर्चना पुढे झाली, तिला बाबाजीने, तू उठ गो, असे म्हटले व ताट स्वतःपुढे ओढले. भात कालवला. मोठा घास केला. आमच्या जुन्या खोलीत, मला टायफॉईड झाला होता तेव्हा, असाच करीत असे. म्हणाला, आ कर.

मी तोंड मिटून धरले.

तो थांबला. घास तसाच धरून थांबला. आमटी त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळली. पुसली नाही.

मी आ केला.

त्याची चार बोटे माझ्या दातांत होती. माझे दात सर्व स्वतःचे आहेत. चावलो नाही.